बुलेटची पाठवणी

बुलढाणा,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी (इंग्रजी तारीख तुझी तू पाहून घे)

प्रिय अविनाश,

तुझा फोन आला त्याला आज तेवीस दिवस झाले. अकरा वर्षांनी फोन केलास आणि बोललास किती, तर तीन वाक्यं. बँकेतून निवृत्त झालो. माझी बुलेट अजून तुझ्याकडेच आहे ना. असली तर चालू करून कोल्हापूरला पाठव. एवढी काटकसर सूत्रकारांनाही जमली नसती, आणि सूत्रावर भाष्य लिहायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे आलं. मी 'हो' म्हणालो, खामगावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे आजच्या तारखेचा ट्रक ठरवला आणि पोर्चमधल्या गाडीवरची जुनी साडी काढली. त्या क्षणापासून मी जो गोंधळलो आहे तो अजून सावरलेलो नाही. या पत्रात तुला उत्तरं कमी आणि प्रश्न जास्त सापडतील. शाळेत असा पेपर कोणी लिहिला असता तर मी त्याला काठावरही पास केलं नसतं.

मेकॅनिककडे न नेता घरीच का उघडलीस, असं तू विचारशील. याचंही नीट उत्तर माझ्याकडे नाही. आपण दर डिसेंबरात निघायचो, त्याआधीचा आठवडाभर तू गाडी उघडून बसायचास आणि मी पाने देणारा. तू जो मागशील तो सोडून दुसरा पाना द्यायचा, हा माझा नियम. तरीही त्या हाताखालच्या कामावर आपण हंपीला गेलो, रामेश्वरला गेलो, द्वारकेला गेलो, तेव्हा थोडी विद्या हाताला लागली असणार असं मी गृहीत धरलं. अहंकार, दुसरं काय. इंजिनातलं ऑइल काकवीसारखं निघालं. बॅटरी आणि प्लग नवे घेतले, क्लचची वायर बदलली, पॉइंट पॉलिश पेपरने घासले. टाकी पहिल्याच दिवशी उतरवून, दोनदा धुऊन, उन्हात वाळवून ठेवली. एका पोरीच्या लग्नात हौशी बापानं केलं नसेल इतकं केलं, आणि नवव्या दिवशी सकाळी तिला किक मारायला उभा राहिलो. गंमत बघ, ज्या पायात रॉड आहे तो उभं राहायला आणि चांगला पाय किक मारायला. अँमीटरचा काटा मध्यावर आणला, डिकम्प्रेसर दाबून सोडला, आणि चौथ्या किकला ती बोलली. तो आवाज ऐकून कोकिळा कणकेच्या हातांनी बाहेर आली, दारात उभी राहिली आणि काही न बोलता आत गेली. बायको बोलली नाही तर नवऱ्यानं कारण शोधावं, हे मला लग्नाच्या सत्ताविसाव्या वर्षीही सुचलं नाही.

त्यानंतरचे दहा दिवस मी आयुष्यात कधी नव्हतो इतका मूर्ख होतो. पहिल्या दिवशी गाडी कॉलनीत तीन चकरा घोड्यासारखी धावली. दुसऱ्या दिवशी चिखली रोडला नेली, तर दोन-तीन किलोमीटरवर खोकली आणि बंद पडली. दहा मिनिटं उभी ठेवली, पुन्हा चालू. पुन्हा दोन किलोमीटर, पुन्हा खोकला. परतीच्या वाटेवर सागवान गावापासून मी तिला ढकलत आणली आणि ज्यांना मी पंचवीस वर्षांपूर्वी विभक्ती शिकवल्या ते सगळे त्याच वेळी रस्त्यावर होते. प्रत्येकानं नमस्कार केला, धक्का एकानंही दिला नाही. मी घरी येऊन वही काढली. जे असताना बिघाड आहे आणि नसताना नाही, तेच कारण. हा नियम पोरांना शिकवून माझा जन्म गेला. मी काय काय बदललं त्याची यादी केली आणि एकेक जुनं परत बसवून पाहिलं. प्लग जुना, तरी तेच. वायर जुनी, तरी तेच. धूर दिसला की आग असलीच पाहिजे असं आमचं शास्त्र छातीठोक सांगतं. या गाडीत धूर होता आणि आग दोन किलोमीटरवर विझत होती. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. वाटीत दरवेळी पिवळसर गाळ. मी तो गंज म्हणून पुसून टाकला. गंज हळदीच्या रंगाचा कधीपासून व्हायला लागला, हे विचारायला माझ्या वहीत रकाना नव्हता. टूलबॉक्समध्ये एक हिरवं कोरं कापड घडी करून ठेवलेलं सापडलं. चांगल्या टॉवेलांना हात पुसतो म्हणून कोकिळा रोज ओरडायची, तेव्हा ही तिची शेवटची उपाययोजना असेल असं समजून मी त्याला आठ दिवस मनसोक्त ऑइल पुसलं. सगळ्या चाचण्या मी चिखलीच्या बाजूलाच केल्या. मलकापूरच्या बाजूला एकदाही नेली नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

परवा शेवटी धम्मरत्नला बोलावलं. तो आमच्या शाळेत होता, संस्कृतात बरोबर पस्तीस मार्क घेऊन माझ्या तावडीतून सुटला, आणि आता एस.टी. स्टँडच्या मागे त्याचं गॅरेज जोरात चालतं. त्यानं माझी वही वाचली. पानं उलटत शेवटपर्यंत वाचली, हे त्याचे संस्कार. मग विचारलं, सर, टाकी पाहिली काय. मी त्याला मोठ्या धीरानं समजावलं की टाकी मी पहिल्या दिवशीच धुतली आहे, म्हणून ती संशयितांतून वगळली. तो म्हणाला, पहिल्या दिवशी धुतली ते बरोबर, पण आज कोणता दिवस आहे. पोरगं पस्तीस मार्कांचं नव्हतं रे अविनाश, माझी तपासणी चुकली होती.

आम्ही टाकी उतरवली आणि बादलीवर फडकं बांधून उलटी केली. पेट्रोलबरोबर तांदूळ आले. थोडेथोडके नाहीत, चांगले पाच मुठी, फुगलेले नाहीत पण हळदीनं पिवळे झालेले. मागून एक सुपारी टणकन पडली, मग हळकुंड, मग खारीक, मग रुपयाचं नाणं. धम्मरत्न फडक्याकडे पाहत राहिला, मी धम्मरत्नकडे. गाडी धावायला लागली की पेट्रोलच्या ओढीनं तांदूळ खालच्या जाळीवर जमायचे आणि ती उपाशी मरायची. उभी राहिली की ते सुटे व्हायचे आणि ती पुन्हा जिवंत व्हायची. कारण सापडलं. पण टाकीत तांदूळ का, हे मला तरीही कळेना. धम्मरत्नलाच आधी कळलं. तो अगदी हळू म्हणाला, "सर, ही तर ओटी आहे."

कोकिळा दारातच होती. लाजली नाही, घाबरली नाही. उलट माझ्याच हातातल्या त्या हिरव्या चिंधीकडे अशी पाहत होती की चोर मीच. तो खण होता. नवव्या दिवशी गाडी चालू झाली, त्याच दिवशी मी शाळेत गेल्यावर तिनं गाडीला हळदीकुंकू वाहिलं, झाकण उघडून ओटी भरली, खण टूलबॉक्सात ठेवला, आणि नारळ कुठेच मावेना म्हणून देवापाशी नेऊन ठेवला. मी म्हणालो, अगं, इंजिन आहे ते, पेट्रोलच्या टाकीत कोणी ओटी भरतं का. तर म्हणाली, "मंग कुठं भरू? तिले दुसरा पदर हाये काय?" धम्मरत्नला हसू येत होतं, पण ती पुढे बोलली तेव्हा त्याचंही हसू थांबलं. "अकरा वर्सं दारात उभी होती. रोज पुसली मी तिले. पोरीवानी. आता तुमी तिले ट्रकात दोरीनं बांधून पाठवून राह्यले. लेक अशी पाठवतेत काय कोनी? न्यायले मानूस येते. भाऊजींले सांगा."

तुला ठाऊक आहे, आमच्या घरातून कधी कोणती लेक निघाली नाही. त्यामुळे या विषयात मी वाद घालत नाही. तांदूळ धुऊनही पेट्रोलचा वास जाईना, म्हणून कोकिळेनं ते पाखरांनाही घातले नाहीत, परसात पुरले. टाकी पुन्हा धुतली, गाडी काल चिखलीपर्यंत जाऊन एकदाही न खोकता परत आली. म्हणजे तू सांगितलेलं काम झालं. मी रात्रभर निवांत झोपायला हवं होतं. झोप आली नाही, कारण तिचं ते 'भाऊजींले सांगा' डोक्यात अडकलं होतं, जाळीवर काहीतरी येऊन बसावं तसं. काय सांगू? तू येत नाहीस याचं कारण तिला माहीत आहे, मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि आपण तिघांनीही ते अकरा वर्षं एकदाही उच्चारलेलं नाही.

द्वारकेहून परत येत होतो, घर दहा-बारा किलोमीटरवर, मलकापूर रस्त्यावरच्या राजूर घाटातलं ते वळण. खडी होती. गाडी घसरली, पाय माझा सापडला, तुला खरचटलंही नाही. दवाखान्यात तू अठरा दिवस माझ्या उशाशी बसलास, माझा डबा आणलास, मला चालायला धरलंस, आणि मग बदली मागून घेऊन निघून गेलास. गाडी माझ्या पोर्चमध्ये ठेवलीस आणि किल्ली कोकिळेच्या हातात दिलीस, माझ्या नाही. तू माफी मागितली नाहीस म्हणून मी थोडा रागावलो होतो, हे कबूल करतो. पण दुसरं कबूल करायचं आहे ते यापेक्षा जड आहे. त्या वळणाच्या अगदी तोंडाशी मी मागून तुझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, ते बघ. तू मान वळवलीस. तू मान वळवलीस म्हणून खडी दिसली नाही. मी काय दाखवत होतो? अकरा वर्षं आठवतो आहे, आठवत नाही. दरीतलं एखादं झाड असेल, गावाचे दिवे असतील, काहीच नसेल. शुद्धीवर आलो तेव्हा तू सगळ्यांना सांगत होतास, माझी चूक, माझंच लक्ष नव्हतं. मी ऐकत होतो आणि गप्प राहिलो. पुढच्या प्रत्येक दिवशी बोलणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. तुला ती थाप आठवते का, हेही मला माहीत नाही. आठवत असूनही तू माझं नाव घेतलं नसशील तर मी तुझ्यासमोर कसा उभा राहू, कळत नाही. आणि आठवत नसेल तर अकरा वर्षं तू जे वाहिलंस ते माझं होतं.

आज सकाळी ट्रक आला होता. दोघंजण फळी आणि दोर घेऊन उतरले. मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. हे कळवायला फोन पुरला असता. वरचं सगळं फोनवर बोलायचा धीर नव्हता, म्हणून पत्र. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी रेल्वे मलकापूरला थांबते, तिनं ये. मी बुलेट घेऊन तुला स्टेशनवर न्यायला येईन. घाट उतरताना मी एकटा असेन, ते माझं मी बघेन. चढताना गाडी तू चालव. मी मागे बसेन आणि वळण येईल तेव्हा दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवीन.

तुझाच, अजून चुकीचा पाना देणारा,
इंद्रभान