रिंकूच्या बैलाचा पिवळा रंग

फुलचूर, ३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांना डिंपलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्ही हो-नाहीच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र. देवानंददादाच्या हाती पाठवलेला लाकडी बैल पोचला. चाकं छान फिरतात. पण असा कोरा काऊन पाठवला? तान्ह्या पोळ्याला रिंकू पहिल्यांदाच बैल ओढत घरोघरी जाणार.

दुकानातला ऑइलपेंट महाग, शिवाय पोरगी चार वर्षांची झाली तरी बैलाचं शिंग तोंडात घालते. म्हणून मी घरचीच हळद चुन्यात कालवून लावली, तर बैल लालभडक! हे पोट धरून हसले. म्हणाले, बैल आहे की मारुती?

खरं सांगू, मला आईचा पिवळा हवा होता. तुम्ही लाकूड तासायचे आणि आई चुलीवर पळसाची फुलं उकळायची. त्या वासाची फार आठवण येते. फुलं असतील तर पाठवा.

लोभ आहेच, थोडा नातीकडे जास्त वळवावा.

तुमची डिंपल

चिचगड, ८ ऑगस्ट

चि. डिंपलला अनेक आशीर्वाद.

हळदीत चुना पडला की कुंकू होते, हे इतकी वर्षं संसार करून कळलं नाही? धन्य आहे! जावईबापूंना सांग, मारुतीला शिंगं नसतात.

फुलं आहेत. तुझ्या आईनं फागुनात वेचली, सावलीत वाळवली, पिशवी आढ्याला टांगली. वैशाखात ती गेली. खोटं कायले बोलू? ती पिशवी उतरवायला हात उठत नाही. एकदा उकळली की संपली. म्हणून बैल कोराच पाठवला. यंदा गेरूवर भागव, रागावू नकोस.

सर्वांना आशीर्वाद, माया कमी होऊ देऊ नये.

तुझा बाबा, चैतराम

फुलचूर, १२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

पत्र वाचून खूप रडले. रागावू कशी? आईची साडी मीही अजून नेसले नाही. पिशवी राहू द्या. लाल रंग खरवडून गेरू लावते. फक्त पावसाळी हवा आहे, फुलांना जरा ऊन दाखवा, नाहीतर कीड लागेल.

जेवण वेळेवर करा. तुमच्या मायेची,

डिंपल

चिचगड, १७ ऑगस्ट

चि. डिंपलला आशीर्वाद.

तू लिहिलंस म्हणून पिशवी उन्हात उघडली. अर्ध्या फुलांचा किड्यांनी भुगा केला होता. मीच मला शिव्या घातल्या. जी गोष्ट तिनं लेकरांच्या खेळण्यासाठी वाळवली, ती मी जपून जपून किड्याला चारली!

उरलेली निवडून ठेवली आहेत, एका बैलापुरती होतील. थोडी उकळून पाहिली. घरभर वास सुटला, तसा मी चुलीपाशीच बसून राहिलो. शेजारच्या मंदाबाई विचारून गेल्या, भाऊ, धूर लागला का डोळ्यात? हो म्हटलं.

फुलं आणि डिंक घेऊन बुधवारच्या बसनं मीच येतो. तोवर बैलाला हात लावू नकोस, गेरू तर मुळीच नको. रंग मी देईन. मी कधी दिला नाही, पण जन्मभर तिच्या शेजारी बसून बघितला आहे.

भेटीपर्यंत लोभ राहू दे.

तुझा बाबा