मिळालं तर कोंबडा

पुणे,
८ जानेवारी २००१

ती. रामीआत्यास मीनाचा सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर धाडतेय. घरी आलं असतं तर ढवळूकाकांनी सगळ्या सूर्यमाळला वाचून दाखवलं असतं. तर बातमी अशी, की धर्माच्या मानसशास्त्रात नव्याने संशोधन करणाऱ्यांना परदेशातली एक संस्था दरवर्षी पुरस्कार देते, आणि शेवटच्या चौघांत माझं नाव आलंय! पीएच.डी. झाल्यावर पाचच वर्षं तो मागता येतो. हे माझं शेवटचं वर्ष. निकाल फेब्रुवारीत.

विषय तुला ठाऊकच आहे. नवस बोलल्यावर माणसाची काळजी खरंच कमी होते का, हे विचारत मी आपल्याच पाड्यांवर फिरले होते. एवढं विचारून नेतेस, त्याचं पुढे करणार काय, असं लोकांनी विचारलं तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. लाज वाटते गं. म्हणून तर दोन होळ्यांना आले नाही. आता पुरस्कार घेऊनच येईन, नाहीतर तोंड दाखवणार नाही.

कोणाला बोलू नकोस. अन्वरचाचांना तर मुळीच नको. जव्हारला कॉलेजात असताना त्यांच्या घरी राहिले, माया लावली त्यांनी, पण चाचांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुझा लोभ आहे तसाच राहो.

तुझी,
मीना

सूर्यमाळ,
१६ जानेवारी २००१

चि. मीनास रामीआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. बाय, मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त वाघदेवाला सांगितलं. पण देवाकडे नुसतं बोलायला कसं जायचं? म्हणून नवस बोलून आले, की पोरीला बक्षीस मिळालं तर कोंबडा देईन. चांगला तांबडा, मोठ्या तुऱ्याचा, खोडाळ्याच्या बाजारातून आणलाय. आता तिथे शेजारीच अन्वरचाचा कापड घेऊन बसलेले. एवढा कोंबडा कशाला, म्हणून त्यांनी विचारलं. देवाच्या कोंबड्याबद्दल खोटं कसं बोलू? मग त्यांनी बेगमचाचीला सांगितलं आणि चाचीने जव्हारभर.

बक्षीस कोणत्या धर्माचं, असं चाचांनी विचारलं. मी सांगितलं, सगळ्यांचं मिळून. तर म्हणाले, मग त्यात आमचाही वाटा आला. समारंभासाठी तुझा ड्रेस शिवायला घेतलाय, जुन्या मापाने. पुण्यात सुटली असशील तर आत्ताच कळव.

रीत तुला माहीत आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला, ते माणूस फेडताना समोर उभं लागतं. रजा काढून ठेव.

ढवळूकाकांचे आशीर्वाद. त्यांनाही कळलंय.

तुझी,
रामीआत्या

पुणे,
२३ जानेवारी २००१

ती. आत्यास नमस्कार. रागावलेय, म्हणून वि. वि. लिहीत नाही.

अगं, नवस हा माझा अभ्यासाचा विषय, आणि माझ्याच आत्याने तो माझ्याचसाठी बोलावा? आमच्या सरांना कळलं तर वर्षभर चहाबरोबर मलाच चघळतील. वाघदेवाकडे जाऊन शब्द परत घे, आणि कोंबडा विकून टाक.

आणि खरं सांग, बोलून आल्यावर तुला हलकं वाटलं का? खूप, थोडं, की अजिबात नाही? हे आपलं अभ्यासापुरतं विचारतेय.

चाचांना म्हणावं, कमरेत दोन बोटं सैल ठेवा.

रागासकट तुझीच,
मीना

सूर्यमाळ,
३० जानेवारी २००१

चि. मीनास आशीर्वाद. मी रागावले नाही, म्हणून वि. वि.

नवस परत घ्यायला तो काय एस.टी.चं तिकीट आहे? देवापुढे उभं राहून काय सांगू, पोरीचे सर हसतात म्हणून? त्यांना इकडे आण, नागलीची भाकरी घालते, मग हसू देत.

हलकं वाटलं का विचारतेस, तर थोडं. खूप नाही. तोंड दाखवणार नाही असं तू लिहिलंस ना, ते काट्यासारखं रुतलंय. त्याचीही सोय त्याच दिवशी करून आलेय. काय सोय ते विचारू नको.

चाचांनी तीन बोटं सैल ठेवलीत.

जेवत जा. माया आहेच.

तुझी,
रामीआत्या

पुणे,
२१ फेब्रुवारी २००१

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पुरस्कार हुकला. दुसऱ्या एका मुलीला मिळाला, तिचं काम उपवासांवर आहे. खूप रडले. आता बरी आहे. म्हणजे बरी नाहीये, पण दोन वेळा जेवतेय.

चला, कोंबडा सुटला आणि तूही सुटलीस. आता फेडायचं काही राहिलं नाही. होळीला मी येत नाही गं. पाड्यावर कोणत्या तोंडाने जाऊ? ड्रेस चाचांच्या लेकीला, अफिफाला होईल.

रागावू नकोस, एवढाच लोभ मागते.

मीना

सूर्यमाळ,
२६ फेब्रुवारी २००१

चि. मीनास अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

पत्र दोनदा वाचलं. मग राग आला, तुझा नाही, त्या उपवासवालीचा. कोंबडा तेवढा खूश आहे. अंगणवाडीच्या ओट्यावर चढतो आणि पोरांच्या गाण्यात मधेच आरवतो.

आता ऐक. त्या दिवशी वाघदेवाकडून उतरताना मी गावदेवीपाशीही थांबले होते. तिला बोलले, की मिळालं तर वाघदेवाचं वाघदेव बघेल. पण हुकलं तर पोरीच्या जिवाला तू सांभाळ, तिने अन्नपाणी सोडलं नाही तर नारळ देईन. दोन वेळा जेवतेय, असं तूच लिहिलंस. म्हणजे देवीने तिचं काम चोख केलं. आता नारळ देताना तू समोर उभी लागतेस. रीत म्हणजे रीत.

पाड्यावर कोणत्या तोंडाने जाऊ म्हणतेस? मी सांगून टाकलंय, पोर चौघांत पोचली आणि हरली. शेजारच्या तुळशीबायने एवढंच विचारलं, की मग होळीला येते ना. हरलेलं माणूस घरी नाही येणार तर कुठे जाईल गं? दोन वर्षं तुझी वाट बघून डोळे शिणले माझे. खोडाळ्याला उतर, जीपपाशी मी उभी असेन.

ये, मग लोभ-बिभ समोरासमोर बघू.

तुझी,
रामीआत्या

ता. क. निकालच पुढे ढकलला असता तर सुटले असते, असं तुझ्या मनात येईल. त्याचीही सोय होती, निकाल लांबला तर तुला समोर उभी करून चढवायची चादर अन्वरचाचांनी दर्ग्यात बोलून ठेवली होती.