नळी किती वेळा पुसायची

सोमवार, ४ मार्च

माझी पाटी काढली! एकतीस वर्षं नेमबाजी केंद्रातल्या बंदुकांच्या खोलीच्या दारावर होती. मीच रंगवलेली, लाल रंगात — ‘झाडली की पुसली’. आज कुलूप उघडायला गेलो तर पाटीच्या जागी चार भोकं आणि एक छापील कागद. ‘रायफली पाचशे गोळ्यांनंतरच साफ कराव्यात. त्याआधी साफ करायची असल्यास प्रशिक्षकांना विचारावे.’ पाचशे! पाटी कोपऱ्यात, झाडूमागे, तोंड भिंतीकडे करून.

हा नवा प्रशिक्षक. टोपी उलटी घालतो. तोंडावर मी त्याला सर म्हणतो. मनात टोपीवाला.

जाऊन विचारलं. म्हणाला, “काका, तुमच्या काळातल्या गोळ्यांनी नळी गंजायची. आताच्या गोळ्यांनी नाही गंजत. उलट रोज सफाईचा गज घालून घालून तुम्हीच नळी झिजवताय.”

मी झिजवतो! याचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी गज धरतोय.

वर आणखी म्हणाला, “पुन्हा न विचारता गज घातलात तर किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या. गंमत नाही करत.” आणि हसला. गंमत नाही तर हसतोस कशाला?

मंगळवार, ५ मार्च

रात्री झोप नाही. रागाने.

मी सातवी नापास. कबूल. पण नळीच्या आत काय चाललंय ते मला वाचता येतं. टोपीवाल्याला छापील कागदच वाचता येतो.

तरुणपणी एकदा रायफल न पुसता दवाखान्यात पळालो होतो — मुलगा झाला त्या दिवशी. तिसऱ्या दिवशी परत आलो तर नळीत गंजाचे ठिपके. मला शिकवणारे उस्ताद एक शब्द रागावले नाहीत. महिनाभर रोज सकाळी ती नळी माझ्या डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, “मोज.” सतरा ठिपके होते. अजून डोळे मिटले की सतरा दिसतात. मुलगा किती वजनाचा होता ते आठवत नाही.

तेव्हापासून एकच रीत. गज मागून पुढे, एकाच दिशेने. चिंधी काळी आली की दुसरी. पांढरी येईपर्यंत. मग तेलाचा पातळ हात. ती शेवटची पांढरी चिंधी चौघडी करून रायफलीच्या पेटीच्या झाकणातल्या कप्प्यात — पुढच्याने उघडली की त्याला कळावं, काम झालंय. आणि पेटीतल्या कार्डावर तारीख, काय केलं, सही. ही कार्डंसुद्धा मीच सुरू केली. ती बरी काढली नाहीत त्याने!

गुरुवार, ७ मार्च

किल्ल्या तीनदा चाचपल्या. आहेत.

शुक्रवार, ८ मार्च

परवा नातीची निवड चाचणी. चार मुली संघात जाणार, एक राखीव. तिला मी मुंगी म्हणतो. अठराव्या वर्षीही तेवढीशीच आहे, पण रायफल खांद्याला लावली की भिंतीतल्या खुंटीसारखी घट्ट.

आज सराव संपल्यावर तिच्या नळीत उजेड धरून पाहिलं. कार्डावर शेवटच्या सफाईनंतर तीनशेऐंशी गोळ्या. आत काजळी! चिमणीत डोकं घातल्यासारखं वाटलं. म्हटलं, “मुंगे, ही घेऊन जाणार तू परवा?”

“आबा, सगळ्या गोळ्या एका भोकात जातायत. हात लावू नका हं. शपथ आहे.”

जेवताना पुन्हा विषय काढला. सूनबाई म्हणाली, “बाबांचा काही भरवसा नाही. एक दिवस आपल्यालाही ओळीने उभं करून गजाने पुसतील.” दोघी हसल्या. मीही हसलो. मग रात्रभर स्वतःवर चिडलो. हसण्यासारखं काय होतं त्यात? पोरीची तीन वर्षांची मेहनत, आणि नळीत काजळी.

शनिवार, ९ मार्च

केलं. टोपीवाला दुपारी जेवायला गेला तेव्हा.

तेरा चिंध्या लागल्या. तेरा! पहिली तर कोळशातून काढल्यासारखी. तेरावी पांढरी. तेल लावलं. नळी आतून आरशासारखी लखलखली. वर्षभरात एवढं समाधान वाटलं नव्हतं.

कार्डावर लिहिलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने वाचलं असतं तर किल्ल्या गेल्या असत्या. माझ्याच कार्डापासून मी लपतोय — ही वेळ आणली त्या माणसाने! घरी येईपर्यंत जवळजवळ पळत होतो. रागाने.

रविवार, १० मार्च

गेलं सगळं.

सकाळी मुंगीने पेटी उघडली. क्षणभर थांबली. मग हात जाकिटाच्या खिशात घातला, माझ्याकडे पाहिलं, हसली. मी अंगठा वर केला. वाटलं, घाबरली असेल.

सुरुवातीला पंधरा मिनिटं निशाणा जुळवायला मिळतात. पोर जुळवते आणि गोळी दुसरीकडेच! एक वर, एक उजवीकडे. निशाणा सरकवायच्या चकतीचे खटके फिरवतेय, पुन्हा झाडतेय, पुन्हा फिरवतेय. वेळ संपली. मोजणीच्या पहिल्या दहा गोळ्यांत दोन वेळा दहाऐवजी आठ! मुंगीच्या हातून आठ मी कधी पाहिला नाही. तिसऱ्या दहापासून नळी शहाण्यासारखी चालायला लागली, पण तोवर गाडी निघून गेली होती.

पाचवी आली. चौथीपेक्षा सात दशांशांनी मागे. सात दशांश म्हणजे काय? नखाची कड!

टोपीवाल्यानेच तिला बिथरवलं. मागे उभा राहून सारखा दुर्बिणीतून बघत होता. कोणीही बिथरेल.

सोमवार, ११ मार्च

गोळ्यांचा तो डबाच खराब असणार. नक्की डबाच.

मंगळवार, १२ मार्च

टोपीवाल्याने सगळ्यांना बाकावर बसवलं. मी दारात, किल्ल्या घेऊन. म्हणाला, “डबा तपासला. ठीक आहे. रायफल तपासली. ठीक आहे. ती रविवारी अगदी ताज्या पुसलेल्या नळीसारखी वागली. स्वच्छ, तेल लावलेल्या नळीतून पहिल्या तीस-चाळीस गोळ्या भरकटतात. मग आत थर बसतो आणि ती ताळ्यावर येते. म्हणून मी पाचशे म्हणतो. शनिवारी कोणी गज घातला होता?”

मी कुलपाकडे बघत राहिलो. कुलूप पितळेचं आहे. त्यावर एक चरा आहे.

मुंगी म्हणाली, “सर, मी नंतर बोलते.”

तीस-चाळीस गोळ्या! मग हे त्या कागदावर का नाही छापलं? नुसतं ‘पाचशे’ छापतो आणि कारण खिशात ठेवतो! माणसाला कारण सांगितलं तर माणूस ऐकतो. मी ऐकलं असतं.

ऐकलं असतं का?

पूर्वी आम्ही सामन्याआधी पंचवीस-तीस गोळ्या मोकळ्या झाडायचो. उस्ताद म्हणायचे, “नळीला जाग येऊ दे.” मला वाटायचं, पोरांचा हात गरम व्हावा म्हणून म्हणतात. जन्मभर नळी पुसली आणि हे कधी विचारलं नाही.

बुधवार, १३ मार्च

सांगायला गेलो होतो. तो फोनवर होता. परत आलो. फोन ठेवेपर्यंत थांबता आलं असतं.

शुक्रवार, १५ मार्च

यादी लागली. राखीव जागा सहावीला! पाचवी आली मुंगी आणि जागा सहावीला! मी त्याच्या खोलीत शिरलो, दारही वाजवलं नाही. म्हटलं, “पोरीचं काय वाकडं आहे तुझं? आकडे येत नाहीत तुला? पाचानंतर सहा येतात!” पहिल्यांदा अरे-तुरे केलं. तो जागचा हलला नाही.

“राखीव मुलगी मी शिस्त बघून घेतो, काका. सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. यादी उद्या दहाला पाठवेन.”

“शिस्त? माझ्या नातीला शिस्त नाही? घरी चप्पलसुद्धा रेघेत ठेवते ती!”

“तिची पेटी उघडा. कार्ड वाचा. मग ओरडा.”

मला कार्ड वाचायला सांगतो! कार्डं सुरू कोणी केली? नाही उघडली पेटी. त्याचं ऐकून उघडू?

घरी मुंगीला म्हटलं, “मी भांडलो त्याच्याशी. सोडणार नाही.” ती म्हणाली, “आबा, जाऊ द्या ना. पुढच्या वर्षी आहेच की. तुमच्या किल्ल्या कुठायत? खिसा फाटलाय तुमचा, आणा, शिवून देते.”

बसून शिवला तिने.

शनिवार, १६ मार्च, सकाळी आठ

उघडली पेटी. कार्डावर तिच्या अक्षरात — ‘शनिवार, ९. नळी साफ केली, तेल लावलं. न विचारता.’ खाली तिची सही. कार्डाच्या मागे टाचणीने लावलेली पांढरी चिंधी. चौघडी केलेली.

माझी घडी. सवयीने ठेवली होती मी. तिला पहिली गोळी झाडायच्या आधीच माहीत होतं.

तिची सही खोडली. माझी केली. पाटी झाडूमागून काढून सोबत घेतली आहे, किल्ल्याही. टोपीवाल्याच्या दारात बसलोय. दहाला दोन तास आहेत.