बोकोबाची दोन भांडी

आई-बाबा,

तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायला कधी लागणार? हे विचारायची माझी छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं, बघा!

आता बोकोबाचं ऐका, माझा जीव नुसता वरखाली होतोय. आई त्याचं स्वयंपाकघरातलं पाणी भरते, बाबा गॅलरीतलं. विचारलं की दोघांचं उत्तर एकच, "त्याला मधुमेह आहे, पाणी पिणारच." अहो, पण तो दोन्ही भांडी रिकामी करतोय! इन्सुलिन सुरू केल्यावर त्याची तहान कमी झाली होती ना? मग साखर ताब्यात असताना ती परत वाढली कशी? खाणंही अर्धं टाकून उठतो. पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतात आणि तोंडाला असा वास येतो की लाडात जवळ घ्यायची सोय नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "किडनीचं दुखणं असू शकतं. लवकर कळलं तर बरंच काही करता येतं. रक्त आणि लघवी तपासू, आजच आण."

म्हणून शाळेला दांडी मारून मी त्याला टोपलीत घालून नेतेय. ओरडायचं ते नंतर ओरडा, आधी दवाखान्यात या. आणि मी ठरवलंय, "तुझ्या बाबांना सांग", "तुझ्या आईला सांग" हे आजपासून बंद. तपासून डॉक्टर काय म्हणतील ते मी घरी येऊन कुणालाही सांगणार नाही. बाकावर शेजारी शेजारी बसून तुम्हीच ऐका.