चौदा जणांचे कान

४ मार्च

भोंग्याला ऐकू येत नाही. आज खात्रीच पटली!

सकाळी आगीच्या वर्दीची घंटा झाली. आम्ही तेरा जण खुर्च्या पाडत बंबाकडे धावलो आणि हा आपला पेपर वाचत बसलेला. मी मागे फिरून खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उठला – आणि माझ्याआधी बंबात चढलाही. 'लक्ष नव्हतं रे,' म्हणाला. भोंगा हे नाव त्याला आवाजावरून पडलं. चौथ्या मजल्यावरून बोलला तरी खाली वायरलेस लागत नाही. वीस वर्षं आम्ही त्याचं कौतुक केलं. इतकं मोठ्याने तो कुणासाठी बोलतोय, हे कुणी विचारलं नाही.

नोंदवहीत लिहिलं: 'सर्व कर्मचारी वेळेत बंबावर.' खोटं नाही. पण त्यातला एक माझ्या हाताने वेळेत होता.

५ मार्च

संध्याकाळी भोंग्याची बायको घरी आली. वहिनी सहसा कुणाकडे जात नाहीत. चहाचा कप बाजूला सारला आणि एकदम म्हणाल्या: 'भावजी, दोन वर्षं झाली. घरात मी हातवारेच करते. शेजारच्यांना वाटतं आमचं रोज भांडण चालतं. समजूत घालायला येतात हो!'

एकवीस तारखेला वार्षिक तपासणी आहे. यंदा कानही तपासणार. नापास होईल तो बंबावरून खाली आणि मुख्यालयाच्या भांडारात बादल्या मोजायला. भोंग्याची निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. 'भांडारात बसवलं तर हे वर्षभरात वाळून जातील,' वहिनी म्हणाल्या.

धुरात आम्ही जोडीने शिरतो. माझा जोडीदार भोंगा. बाहेरून तीन शिट्ट्या झाल्या की असाल तसे बाहेर पडायचं, कारण छत चाललेलं असतं. त्या शिट्ट्यांचं काय, हे मी वहिनींना विचारायला हवं होतं. म्हणालो, 'बघतो.' संघटनेचा चिटणीस असलं की हा शब्द तोंडात घर करून राहतो.

८ मार्च

संघटनेच्या कल्याण समितीची तातडीची बैठक, भोंग्याला आठवडी सुट्टी असताना. ताई अध्यक्षस्थानी. ताई म्हणजे आमच्या नियंत्रण कक्षातली. फोन तीच घेते, घंटा तीच वाजवते.

सगळ्यांना माहीत होतं! कोणी दीड वर्ष, कोणी तीन महिने. प्रत्येक जण आपापल्या परीने त्याला ढोसत होता आणि बाकीच्यांपासून लपवत होता. एकाने तर घंटा झाली की मुद्दाम त्याच्या पायावर पाय द्यायची सवय लावून घेतलीय. भोंग्याला वाटतं, तो माणूस फार धांदरट आहे.

मी म्हणालो, आत जो अडकलेला असतो तो आपला सभासद नाही. त्याच्या वतीने या बैठकीत कोण बोलणार? ताई म्हणाली, 'बरोबर आहे तुझं. इतिवृत्तात घे.' घेतलं. त्याने काय झालं? इतिवृत्त जाडजूड झालं.

ठरलं ते असं: तपासणीपर्यंत वस्तीची मदत घ्यायची. समोरच्या शिंप्याचं दुकान मागच्या वर्षी जळालं तेव्हा समितीने सुट्टीच्या दिवशी त्याचं छत बांधून दिलं होतं. जरा तिरकं झालं, पण गळत नाही. त्याचं दुकान भोंग्याच्या खुर्चीच्या अगदी समोर. घंटा झाली की शिंप्याने लाल कापड खिडकीबाहेर धरायचं.

११ मार्च

चाललं! घंटा, कापड, भोंगा. तिसऱ्या क्रमांकाने पोचला. शिंपी रस्त्यापलीकडून दोन्ही हात वर करून नाचला. गिऱ्हाईक अर्ध्या मापात उभं होतं, तेही नाचलं.

भोंग्याला यातलं काही सांगितलेलं नाही; लाल कापड दिसलं की घंटा, हे त्याचं त्यानेच ताडलं. शिंप्याला वेळेचं भान चांगलं आहे, एवढंच तो म्हणाला.

१४ मार्च

शिंप्याने आज लाल झगा वाळत घातला.

भोंगा ताडकन उठला, बूट चढवले, बंब सुरू केला आणि ओरडला, 'झोपलात काय सगळे?' घंटा नाही, वर्दी नाही. पण नको कसं म्हणायचं? म्हटलं तर का नको ते सांगावं लागणार. चौदाही जण चाळीस सेकंदांत बंबावर. आजवरचा आमचा विक्रम!

फाटकाबाहेर आल्यावर त्याने विचारलं, 'कुठे?' कुणालाच माहीत नव्हतं. वायरलेसवर ताईचा आवाज, अगदी शांत: 'शाळेत जा. प्रात्यक्षिक आहे.' मग शाळेत गेलो. मुख्याध्यापिकेला आम्ही येणार हे माहीत नव्हतं. दोनशे मुलांना शिडी दाखवली, पाणी उडवलं. एका मुलीने विचारलं, 'आग कुठे आहे?' भोंगा म्हणाला, 'विझवली.' टाळ्या पडल्या.

घरी हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही. 'आणि तेवढ्या वेळात खरंच कुठे लागली असती तर?'

तेव्हापासून तेच डोक्यात.

१६ मार्च

गादी कारखाना. दुपारी दोन. काळाकुट्ट धूर. भोंगा पुढे, मी नळी धरून मागे. एक कामगार जिन्याखाली सापडला, त्याला भोंग्याने एकट्याने उचलून दारातल्या माणसांच्या हाती दिला. छप्पन्न वर्षांचा माणूस! पुन्हा आत शिरलो आणि शिट्ट्या झाल्या. भोंगा पुढेच चालला. पट्ट्याला धरून फरफटत आणला. आम्ही दारात आणि मागे पत्रे आले खाली.

ताई म्हणते, तिला वायरलेसवर शिट्ट्या दोनदा ऐकू आल्या. मी ओढाताणीत होतो, मला एकदाच ऐकू आल्या.

केंद्रावर परतल्यावर आवारात भोंग्याने मला बाजूला घेतलं. बराच वेळ हेल्मेट पुसत राहिला. मग म्हणाला, 'मला कळलं नाही रे. शिट्ट्यांचं.' आणि माझ्या कानाशी तोंड आणून, त्याच्या मते कुजबुजत: 'कुणाला सांगू नकोस!'

रस्त्यापलीकडून शिंपी ओरडला, 'नाही सांगणार!'

मला हसू आलं, मग लाज वाटली. त्या कामगाराला त्याने काढला. मी नाही. आणि त्याला मी काढला. या दोन वाक्यांची बेरीज काय येते?

१८ मार्च

बैठक, तीन तास. भोंगा हजर – कारण आता त्याने स्वतःच ताईला सांगितलं होतं. तोंडावर बोलून नव्हे, चिठ्ठी लिहून. 'माझ्यामुळे कुणी मरायला नको. पण मला बादल्या मोजायला लावू नका.' ताईने ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि डोळे पुसून कामाला लागली.

ताईचं म्हणणं: 'एकाला ऐकू येत नसेल तर तो बहिरा. चौदा जणांना ऐकू येत नसेल तर घंटा मुकी! मग खात्याला घंटा बदलावी लागेल, शिट्ट्या बदलाव्या लागतील. कुणाला भांडारात पाठवणार? बंब काय शिंपी चालवणार?'

ठराव: सर्व सभासदांनी कानात कापसाचे बोळे घालून तपासणी द्यावी. एकमताने मंजूर होणार, तेवढ्यात आमच्या बंबावरच्या शिडीवाल्याने हरकत घेतली. कापूस ज्वालाग्राही आहे. ज्वालाग्राही वस्तू अंगावर बाळगून कामावर येणं नियमाविरुद्ध. खरंच आहे, कलम नऊ! यावर पाऊण तास गेला. शेवटी दुरुस्ती आली: बोळे ओले असावेत. उपदुरुस्ती: पिळून घ्यावेत. कापूस शिंपी देणार, कोटाच्या खांद्यातला.

भोंग्याने विचारलं, 'मीपण घालू?' ताईने हातवारे करून सांगितलं: तुला वगळलं तर तुझा अपमान होईल.

मी हात वर केला. अनुमोदनासाठी नव्हे, बोलायला. पण तोवर मोजणी झाली होती. चौदा. इतिवृत्तात लिहिलं: 'कर्णरक्षणाबाबत चर्चा झाली.'

२१ मार्च

डॉक्टरबाई नव्या आहेत. आधी प्रत्येकाच्या कानात दिवा मारून बघतात, 'हं' म्हणतात, मग काचेच्या पेटीत बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं.

मी बोळे घातले नाहीत. व्हरांड्यात सगळे घालत होते, गळ्यावर पाणी ओघळत होतं, आणि माझे खिशातच राहिले. धैर्य म्हणू की दगाबाजी? त्या डॉक्टरबाईंच्या समोर खोटं बहिरं होणं जमलं नसतं, एवढं खरं. चाचणी सोपी होती. मधूनच एखादा आवाज, बाकी नुसती शांतता. छान वाटलं, बऱ्याच दिवसांनी.

बाहेर भोंग्याने पाठीवर थाप मारली.

२२ मार्च

आता तेरा नापास आणि एक पास. त्या एकामुळे सगळं बाहेर येणार. चौदातल्या एकाला नीट ऐकू येतं म्हणजे घंटा ठीक आहे. म्हणजे भोंगा भांडारात – माझ्या सचोटीमुळे!

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, 'मग हात वर केलास तेव्हाच बोलायचं होतंस. सचोटी खिशात ठेवून काय उपयोग?'

२४ मार्च

ताईला सांगायला दोनदा गेलो. दोनदा फोन वाजला. परत आलो.

२६ मार्च

निकाल लागला. चौदापैकी चौदा नापास!!

आधी विश्वासच बसेना. फलकावर स्वतःच्या नावापुढचा शेरा बोटाने तपासला. डॉक्टरबाईंनी सरसकट एकच शेरा मारला असणार, किंवा कागद इकडचे तिकडे झाले असतील. सुटलो. भोंगा सुटला. ताई खुर्चीवर उभी राहिली. शिंप्याने खिडकीतून लाल, हिरवी, निळी, होती नव्हती ती सगळी कापडं बाहेर सोडली. त्याबरोबर भोंगा बंबाकडे धावला, त्याला धरून आणावं लागलं.

१ एप्रिल

खात्याचा आदेश. वाटलं थट्टा आहे, पण शिक्का खरा. केंद्राच्या प्रत्येक खोलीत लुकलुकणारे दिवे. घंटा तिप्पट मोठी. धुरात शिरणाऱ्या जोडीचे पट्टे दोराला बांधायचे, दोराचं टोक बाहेर. शिट्टीबरोबर तीन हिसके. सगळ्यांना, सर्व केंद्रांवर. शिफारस: वैद्यकीय अधिकारी.

भोंगा आवारात दोर बांधून दुपारभर तालीम करत होता. डोळे मिटून. तीन हिसके बसले की गर्रकन वळायचा. वहिनी फाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. हातवारे न करता.

म्हणजे लबाडीतून हे निघालं. नियमाने निघालं नसतं. मी याचं काय करू?

३ एप्रिल

नव्या घंटेने वस्ती हैराण! शिंप्याच्या तिरक्या छताचे दोन पत्रे निखळले. शाळेचं पत्र आलं. समितीची बैठक: वस्तीच्या पाठीशी उभं राहणं आपलं कर्तव्य आहे. ठराव एकमताने मंजूर – घरोघरी कापूस वाटप. शिडीवाल्याने विचारलं, ओला की कोरडा? यावर उद्या पुन्हा बैठक.

मी मात्र ठरवलंय. उद्या डॉक्टरबाईंना जाऊन खरं सांगणार. भोंगा दोराला बांधलेला आहे, आता त्याला धोका नाही. माझा एकट्याचा निकाल दुरुस्त करून घेईन.

४ एप्रिल

सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तेरा जणांच्या कानात ओला कापूस होता, दिवा मारल्यावर दिसला. त्यामुळे त्या तेरा चाचण्या निरर्थक. तुमचे कान मोकळे होते, तुमचा निकाल तेवढा खरा. दोर आणि दिवे त्यावरूनच मागवले. 'ज्याच्यासाठी बाकीच्यांनी कापूस घातला, ते तुम्हीच ना?'

मी दोनदा विचारलं, काय म्हणालात. दोन्ही वेळा तेच म्हणाल्या.