शामूसाठी जपानी लाडू

२२ सप्टेंबर १९४७
मेहुणा भरमू पलटणीबरोबर जपानातल्या बंदोबस्तावरून परतला. आमचा पोरगा शामू, सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत गेलेला, तिकडे दिसला का, विचारले. म्हणाला, दाजी, तिथं आपलं कैदी न्हाईत, सिंगापुरातच लई गेली. भरमूला पहिल्यापासून समज कमी. सरकारचीही तार आली होती, पण ज्या सरकारला रेशनची साखर वेळेवर देता येत नाही, त्याला मेले-जगलेले काय कळणार? शामू पलटणीचा आचारी. आचाऱ्याला कोण मारतो? जपान्यांनी ठेवून घेतला असणार.

२४ सप्टेंबर
तिकडच्या मिठाईची माहिती काढली. चिकट भात वाफवून उखळात कुटायचा, गोळे करून आत गोड पुरण. नाव मोची. इथे चालणार नाही. मी 'जपानी लाडू' ठेवले. शामूला आता तिकडची चव लागली असेल. आल्यावर माझा खव्याचा कुंदा नको म्हणाला तर? दसऱ्यापासून आपल्या मिठाईच्या दुकानात ठेवणारच.
बायको मालू म्हणते, यंदा म्हाळात पोराला पान ठेवूया. ठणकावले, जित्या पोराला पान ठेवत नाहीत.

२८ सप्टेंबर, सकाळ
ट्रायल. भरमू मुसळ मारणार, मी मधे हात घालून गोळा पलटणार. तिकडची हीच रीत. उखळात डोके घातल्यावर मुसळाला काय भ्यायचे?

दुपार
डोके ठीक. बोट चेचले. डाव्या हाताने लिहितो आहे. चूक भरमूची.

३ ऑक्टोबर
आपला तांदूळ नालायक. भाताची खळ झाली. मालूने लुगड्यांना लावली.

९ ऑक्टोबर
साबुदाणा मिसळला. चिकटले. मारुतीराव वकिलांची कवळी लाडवात राहिली. ते रागावले, पण लाडू पास.

१४ ऑक्टोबर, सर्वपित्री
आज फर्स्टक्लास उतरले. पांढरे, गोल, मऊ. ताट बघून मालूने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. म्हणाली, तुमच्याच हातानं केलासा की. मी ओरडलो, हे पिंड नव्हेत, लाडू आहेत! आत चवळीचे पुरण आहे, पिंडात पुरण असते का? तिने ऐकले नाही. एक गोळा केळीच्या पानावर घेऊन घरामागच्या परड्यात गेली. म्हटले, ठेव. पोरगा जिवंत आहे, कावळा शिवणारच नाही.
पान टेकायच्या आत कावळा आला. मी दगड उचलला. मारवला नाही. तो गोळा घेऊन गेला.
मालू खूप रडली. मग तार आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. 
शामूला लाडू आवडला.