वहिनी मजेत

सिरसाळा, मार्च २००२

दिनकरराव,

दोन वर्षं ई-मेलवरच आपला व्यवहार झाला. आता शेठजींना भेटायला नागपूरहून येतो म्हणता.

मालक तुमच्या दालमिलला पहिली तूर धाडून त्याच महिन्यात वारले. बाईच्या शब्दावर माल कोण घेतंय, म्हणून तवापासून त्यांच्या नावानं मीच लिहिते. दर सोमवारी परळीला वैजनाथाचं दर्शन घेते, मग नेटकॅफेत बसते. ते होते तवर त्यांचं नाव कधी घेतलं न्हाई. आता दर पत्राखाली 'बसप्पा' टाइप करते. काहीच वाटत न्हाई.

तुमी शेवटी दरवेळी विचारता, "वहिनी कशा आहेत?" दुसरं कुणी विचारत न्हाई.

हे पत्र मी धाडणार न्हाई. सोमवारी लिहीन: परगावी चाललोय, येऊ नका. वहिनी मजेत.

शिवम्मा